पितळेतून नेलेला खार

आत्ये,

बा गेला त्या वर्षी आपल्या घरात चूल एकदाच पेटायची, आणि तीही पेजेपुरती. तू शितं माझ्या थाळीत काढायचीस आणि वरचं पाणी पिऊन उठायचीस. विचारलं तर म्हणायचीस, मला शितं सोसत नाहीत. मी सहा वर्षांचा होतो, मला ते खरं वाटलं. पुढे कितीतरी वर्षं मी लोकांना सांगत असे, आमच्या आत्येला भात सोसत नाही.

दिवसभर तू भाट्याच्या खाडीवर असायचीस. चिखलात पुरून कुजवलेली नारळाची सोडणं काढायची, मोगरीने बडवायची, धुवायची, आणि संध्याकाळी पडवीत बसून त्या काथ्याचं सुंभ वळायचं. तुझे तळहात इतके खरखरीत झाले होते की मला न्हाऊ घालताना तू हाताची उलटी बाजू वापरायचीस. आई मला आठवत नाही. आई म्हटलं की मला तुझ्या हाताची ती उलटी बाजू आठवते.

त्या सुंभावर मी शिकलो. आपल्या घरातला मी पहिला कॉलेजात गेलेला, आपल्या वाडीतलाही पहिलाच. हे मी आजही मान वर करून सांगतो. ज्याच्या आज्याला सही करता येत नव्हती त्याने ते सांगायला लाजू नये, असं माझं मत आहे. पण आज जे लिहितो आहे ते मान वर करून लिहिण्यासारखं नाही.

बा कसा गेला ते तू मला कधी सरळ सांगितलं नाहीस. मला ते इब्राहिम नाखव्याने सांगितलं. तेव्हा तो नाखवा नव्हता, बाच्या बरोबरीचा खलाशी होता. गलबत एडनच्या पुढे वाऱ्यावाचून अडकलं, फेरी लांबली ती चार महिने लांबली. जवळ तांदूळ होता, सुकट होती, पाणी मोजून होतं. माणसांच्या हिरड्या सुजून काळ्या पडल्या, दात हलायला लागले, पायांवर निळे डाग उठले. बाला तिकडेच समुद्रात सोडावं लागलं. आणि नाखवा म्हणाला, तुझ्या आत्येने दिलेली आवळ्यांची बरणी पहिल्याच आठवड्यात डोलकाठीवर आपटून फुटली होती.

खारातले आवळे. मिठाच्या पाण्यात मुरवलेले, वर्षभर टिकणारे. आपल्या किनाऱ्यावर लांबच्या फेरीला निघणारा माणूस ते घेऊन जातो. का घेऊन जातो हे कुणी विचारत नाही. आजी द्यायची, पणजी द्यायची. तूही द्यायचीस. पण बा गेल्यावर तू बरणीला काथ्याचं जाळं विणायला लागलीस. घट्ट, दुहेरी, बुडापासून गळ्यापर्यंत, वर धरायला दोन कान. ती बरणी फळीवरून पडली तरी नुसती लोळायची. वाडीतल्या बायका हसायच्या, म्हणायच्या, सखूने बरणीला चोळी शिवली. तू हसायची नाहीस. दर मार्गशीर्षात पाच-सहा बरण्या भरायचीस आणि मिऱ्याच्या, राजिवड्याच्या ज्या गलबताला हवी त्याला द्यायचीस.

इब्राहिम नाखव्याला दोन लागायच्या. एक खलाशांना आणि एक मला, तो म्हणायचा, कारण माझे खलाशी हावरे. तू म्हणायचीस, "नाखव्या, तुझ्या तोंडात बत्तीस दात हायत ते माझं हायत. एक दिवस परत मागीन."

तो सगळे दात दाखवून हसायचा. "घे की बाय. पण मग सागुती कोण चावील?"

पडवीत तुमचं हे भांडण ऐकत मी अभ्यास केला. तेव्हा मला वाटायचं, ही अडाण्यांची गंमत आहे.

बी.एस्सी. झालो तेव्हा वाडीने मला पितळेचा डबा दिला. फिरकीच्या झाकणाचा, आरशासारखा. झाकणावर माझं नाव आणि पुढे बी.एस्सी. अशी अक्षरं कोरलेली. सगळ्यांनी मिळून दिलेला. तो घेताना माझे डोळे भरून आले होते, आणि तू मात्र झाकण उघडून आत बोट फिरवून पाहिलंस, कल्हई बरी आहे का म्हणून. मला तेव्हा तुझा राग आला होता. तुला अक्षरं दिसली नाहीत, कल्हई दिसली, असं मनात आलं.

मग मुंबईची नोकरी. आमच्या प्रयोगशाळेत इलाख्यातल्या जिल्ह्याजिल्ह्यातलं खाणं तपासायचं काम निघालं होतं. गरीब माणूस काय खातो, त्यात कसलं सत्त्व आहे आणि कसलं नाही. मी सुटीला आलो तेव्हा तू विचारलंस, तू तिकडे करतोस तरी काय. मी म्हटलं, लोकांचं जेवण बाटलीत घालून बघतो.

"आणि ह्याचा पगार देतात?"

"देतात."

"उपाशी माणसाला विचारलं असतं तर त्यानं फुकट सांगितलं असतं," तू म्हणालीस आणि भाकरी थापायला लागलीस.

पण तुला ते आवडलं होतं, हे मला ठाऊक आहे. त्या सुटीत तू मला भंडावून सोडलंस. नाचणीत काय आहे? कुळथाच्या पिठीत काय आहे? उकड्या तांदळाची पेज पिऊन माणूस नांगर धरतो आणि गिरणीच्या पांढऱ्या भाताने त्याचे पाय का सुजतात? मी उत्तरं द्यायचो, काही पुस्तकातली, काही ठोकून. कोंड्यात सत्त्व असतं, काही धुण्यात जातं, काही पेजेच्या पाण्यात उतरतं, असं मी सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "म्हणजे मी पीत होतं त्यात पण होतं कायतरी." मी हो म्हटलं. तू माझ्याकडे न बघता चुलीत लाकूड सारलंस. भात न सोसणारी माझी आत्या. त्या दिवशी मला ते कळलं, आणि मी काहीच बोललो नाही. न बोलण्याची सवय मला तेव्हापासूनची आहे.

मग तूच म्हणालीस, खारातले आवळे ने. ते बघा तुमच्या बाटलीत.

मला मनातून तेच हवं होतं. इंग्रजी पुस्तकात मी त्या खलाशांच्या रोगाचं वर्णन वाचलं होतं. हिरड्या, दात, निळे डाग, अगदी नाखव्याने सांगितलं तसं. तो आजार ज्या सत्त्वाने बरा होतो ते मोजायची रीतही नुकतीच आमच्या हाती आली होती. ताजे आवळे आम्ही तपासले होते, त्यात ते सत्त्व रग्गड होतं. खारात मुरलेल्या आवळ्यात उरतं का, हे कुणी पाहिलं नव्हतं. मी पाहणार होतो. रत्नागिरीच्या एका सुंभ वळणाऱ्या बाईची बरणी मी साहेबांच्या टेबलावर मांडणार होतो.

निघायच्या सकाळी तू आवळे बुडकुल्यात भरून ठेवले होतेस. मातीचं छोटं मडकं, तोंडाला केळीचं पान आणि वर फडकं. मी ते पाहिलं आणि म्हटलं, हे नको, डब्यात भर.

"आंबट हाय रे. पितळेत कळकल."

"दोन दिवसांत काय होतंय?"

"कल्हई गेलीहे डब्याची. किती वर्सं पोहे खातंस त्यात."

"मडकं घेऊन जाऊ मी प्रयोगशाळेत? हसतील मला, आत्ये."

तू फडक्याची गाठ सोडलीस. सोडता सोडता म्हणालीस, "तुला हसतील. आवळ्यांना न्हाय हसणार कोण." पण आवळे डब्यात घातलेस. मी फिरकी घट्ट केली, नाव वर येईल असा डबा पिशवीत ठेवला, आणि मांडवीच्या धक्क्यावरून आगबोटीच्या होडीत बसलो.

आपल्याकडची कुठलीही बाई आंबट पितळेत ठेवत नाही. ताक, आमटी, चिंचेचं सार, कोकमाचं पाणी, काही नाही; ते कळकतं, धातू उतरून बिघडतं. सहा वर्षांच्या मुलीलाही ते सांगावं लागत नाही. इलाख्यात रसायनशास्त्र शिकलेला मी एकटा असेन ज्याने ते केलं, आणि ते झाकणावरच्या अक्षरांसाठी केलं.

प्रयोगशाळेत टेबल मोकळं व्हायला आठ दिवस गेले. आठ दिवस डबा माझ्या खोलीत फळीवर होता.

रीत साधी आहे, तुला सांगितली असती तर समजली असती. आवळा आम्लात वाटून गाळून घ्यायचा. काचेच्या नळीतून त्यात एका निळ्या रंगाचा थेंब टाकायचा. थेंब आंबटात पडला की गुलाबी होतो, आणि ते सत्त्व असलं तर गुलाबी रंग लगेच नाहीसा होतो. आणखी थेंब, आणखी नाहीसा. जितके थेंब पचतील तितकं सत्त्व. ज्या थेंबाचा रंग टिकतो तिथे सत्त्व संपलं.

तुझ्या आवळ्यात पहिल्याच थेंबाचा रंग टिकला.

मी दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं. तीच गुलाबी छटा, पाण्यात कुंकवाचं बोट बुडवल्यासारखी. डॉक्टरसाहेब येऊन वाकून पाहून गेले, म्हणाले, मिठात आणि मुरण्यात सगळं गेलेलं दिसतं. मला ते पटलं. डब्याकडे आमच्यापैकी कुणी पाहिलं नाही. मी वहीत लिहिलं, तक्त्यात ओळ भरली: रत्नागिरी, खारातला आवळा, नाही.

वैशाखात मी घरी आलो. पडवीत तू सुंभ वळत होतीस, नाखवा फेरी संपवून आला होता, भिकाजी मास्तर नेहमीसारखे पेपर घेऊन बसले होते. तू विचारलंस, आवळ्यांचं काय झालं. पोराच्या परीक्षेचा निकाल विचारावा तसं विचारलंस.

मी म्हटलं, "आत्ये, त्यात काही नाही. मीठ आणि पाणी."

तुझा हात थांबला. "काय न्हाय?"

"तपासलं. तीनदा तपासलं. ताज्यात असतं, खारात राहत नाही."

नाखवा पुढे सरला, ओठ बोटाने वर केला आणि म्हणाला, "बाबू, हे मोज. तुझ्या बाटलीत घालून हे मोज." मास्तर हसले. मीही हसलो. मग तू असं काही विचारलंस की हसणं थांबलं. तू म्हणालीस, "मंग त्या फेरीला बरणी फुटली नसती तर?"

आत्ये, मी जे उत्तर दिलं ते तुझ्या भल्यासाठी दिलं, असं मी किती वेळा स्वतःला सांगितलं. वीस वर्षं ही बाई एका फुटलेल्या बरणीचं ओझं वाहते आहे, ते उतरवावं, असं मला वाटलं. मी म्हटलं, "फुटली नसती तरी बा गेलाच असता. तुझा त्यात काही दोष नव्हता."

तू हातातल्या सुंभाकडे पाहिलंस. मग पीळ सोडवलास, पुन्हा घातलास. "बरं," म्हणालीस.

तेव्हा मला कळलं नाही की ते ओझं नव्हतं. फुटलेल्या बरणीवर तू उभी होतीस. एक बरणी फुटली म्हणून भाऊ गेला. मग आता फुटणार नाही अशी विणीन, दुसऱ्या कुणाचा भाऊ तरी जाणार नाही. ती वीणच मी उसवली होती.

पुढच्या मार्गशीर्षात तू बरण्या भरल्या नाहीस. मला हे नाखव्याच्या तोंडून कळलं. तो माल घेऊन मुंबईला आला होता, भाऊच्या धक्क्यावर भेटला. म्हणाला, यंदा तुझ्या आत्येने दिली नाही. मागायला गेलो तर म्हणाली, आमचा बाबू शिकलाय, तो म्हणतो त्यात काय नाय, उगाच तुझ्या गलबतावर मिठाचं ओझं कशाला. "मी म्हटलं बाय, मला बाबूचं नको, तुझं दे. तर म्हणाली, त्याचं ते माझंच." हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

मला अभिमान वाटला. खरं लिहितो आहे, आत्ये, म्हणून हेही लिहितो. माझ्या शब्दावर तू पिढ्यांची रीत सोडलीस याचा त्या दिवशी मला अभिमान वाटला.

त्यानंतर महिन्याभराची गोष्ट. शेजारच्या टेबलावर दुधाचं काम चाललं होतं. तांब्याच्या भांड्यात तापवलेल्या दुधातलं हेच सत्त्व पार नाहीसं होतं, कारण तांब्याचा नुसता अंश त्याला खाऊन टाकतो, असं तो सहकारी मला चहा पिता पिता सांगत होता. पितळेतही तांबंच की, तो म्हणाला. मी कप खाली ठेवला. खोलीवर जाऊन डबा काढला. झाकण फिरवलं. आत, जिथवर खार पोचला होता तिथवर, हिरवट कडं होतं. वास अजून होता. मी कितीतरी वेळ झाकण हातात धरून होतो. बाहेर माझं नाव, आत ते कडं.

त्या दिवसापासून तुझा आवाज माझ्या कानात बसला आहे. ओरडणारा नाही, साधा. आंबट हाय रे, कळकल. मी बाटली धुतो तेव्हा येतो. जेवताना कोशिंबिरीची वाटी समोर आली की येतो.

पुन्हा तपासायचं तर आवळे हवे होते, आणि त्या वर्षी तू बरण्या भरल्याच नव्हत्यास. जुनीही एक उरली नव्हती. माझ्या चुकीनेच माझी चूक सुधारायचा रस्ता बंद केला होता. तुला लिहिणं भाग होतं.

आणि इथे मी जे केलं त्यासाठी हा सगळा कागद आहे.

तुला वाचता येत नव्हतं. माझी पत्रं भिकाजी मास्तर वाचायचे, आणि ते पडवीत वाचायचे, खणखणीत आवाजात, शेजारीपाजारी जमलेले. ती तुझी हौस होती. बाबूचं पत्र आलं की तू हाक मारून माणसं गोळा करायचीस. मी लिहायला बसलो. पहिल्या कागदावर लिहिलं: आत्ये, मी चुकलो. डबा पितळेचा होता, तू सांगितलं होतंस. आणि मला मास्तरांचा आवाज ऐकू आला. ऐकणारी माणसं दिसली, ज्यांनी तो डबा दिला होता ती. मी कागद फाडला. दुसऱ्या कागदावर लिहिलं: एक बरणी खारातले आवळे घालून ठेव, कामासाठी हवेत. या खेपेला मातीच्या भांड्यातून नेईन. शिमग्याला येतो.

मनाशी ठरवलं, बाकीचं समोरासमोर सांगीन. चुलीपाशी, आपण दोघंच असताना. दीड महिना तर होता.

माघात तार आली. तुला ताप भरला होता, तिसऱ्या दिवशी गेलीस.

मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. घरात शिरलो. चुलीच्या वरच्या फळीवर बरणी होती. भरलेली, फडकं बांधलेली, आणि बुडापासून गळ्यापर्यंत काथ्याचं नवं जाळं. एक कान पुरा झाला होता. दुसऱ्या कानाचं सुंभ तसंच लोंबत होतं, त्याचा पीळ सुटत चालला होता. मी तो सुटू नये म्हणून टोकाला गाठ मारली. मला विणता येत नाही.

दहाव्याला नाखवा आला होता. विधी संपल्यावर आम्ही दोघे खाडीकडे चालत गेलो. मी त्याला सगळं सांगितलं, डब्यापासून. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "तुझ्या पत्राचं तिनं मला सांगितलंन. मास्तर वाचून गेले नि ती मला म्हणते, नाखव्या, या वेळी मातीचं भांडं कसं रे आठवलं त्याला? मग हसली. म्हणाली, कळकलं असणार."

मी थांबलो. "हसली?"

"हसली."

"आणि काय म्हणाली?"

"आणखी काय म्हणायची? काथ्या घेतला नि बसली."

आत्ये, हे खरं आहे का? तो माणूस भला आहे, मला बरं वाटावं म्हणूनही बोलला असेल. त्याचे डोळे मी वाचू पाहिले, पण ते समुद्रावरचे डोळे, त्यातून काय कळणार. तुला कळलं होतं असं धरलं तर माझं ओझं अर्धं होतं. आणि मग वाटतं, तू कळून हसलीस, तर मग शेवटपर्यंत माझ्या पुढच्या पत्राची वाट पाहिली असशील. मास्तरांना विचारलं असशील, आलं का म्हणून. ते मी नाखव्याला विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

बरणीतले थोडे आवळे बुडकुल्यात काढले आणि ते मांडीवर घेऊन मी आगबोटीत बसलो. केळीचं पान, वर फडकं, तू बांधायचीस तशी गाठ. एका मारवाड्याने विचारलं, भाऊ, अस्थी काय? मी म्हटलं, आवळे. तो सरकून बसला. मुंबईत धक्क्यावरून सरळ प्रयोगशाळेत गेलो. मडकं टेबलावर ठेवलं. कुणी हसलं नाही. एवढं लिहून ठेवतो, कुणीसुद्धा हसलं नाही.

पहिला थेंब पडला, गुलाबी झाला आणि गेला. दुसरा गेला. मी हळूहळू टाकत होतो, एकेक, आणि प्रत्येक थेंबाचा रंग तुझा आवळा गिळत होता. काचेची नळी खाली येत चालली. मला तेव्हा आनंद व्हायला हवा होता. माझ्या मनात एकच होतं, हे सगळं त्या फुटलेल्या बरणीतही होतं. बा वाचला असता का, हे कुठलीच नळी सांगत नाही. पण तू विचारलंस तेव्हा मी 'नाही' म्हटलं ते खोटं होतं. तू बरोबर होतीस, आणि तसं तुला सांगणारा एकच माणूस होता, आणि तो गप्प बसला होता.

डॉक्टरसाहेबांना मी डब्याचं सांगितलं. ते रागावले नाहीत, म्हणाले, तक्ता अजून छापखान्यात गेलेला नाही, बदला. मी म्हटलं, खाली टीप घालायची आहे. काय टीप? पहिला नमुना नेणाऱ्याने पितळेच्या भांड्यातून आणल्यामुळे निकामी झाला. पितळेतून नेऊ नये, अशी सूचना घरच्या माणसांनी दिली होती. साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खाली सही केली.

मग मी ते पत्र लिहिलं, फाडलेलं होतं ते. शब्द तेच. तुझं नाव, वाडी, रत्नागिरी, असा पत्ता घातला, पण टपालात टाकलं नाही. गेल्या आठवड्यात स्वतः घेऊन आलो आणि पडवीत भिकाजी मास्तरांच्या हातात दिलं. म्हटलं, नेहमीसारखं वाचा. त्यांनी पत्ता पाहिला आणि चष्मा पुसला. मी माणसं गोळा केली, तू हाक मारायचीस तशी, घराघरासमोर उभं राहून. सगळे आले. डबा देणारेही आले. मी तुझ्या जागी, सुंभाच्या ढिगापाशी बसलो.

मास्तर वाचत होते. साष्टांग नमस्कार. आत्ये, मी चुकलो. डबा पितळेचा होता, तू सांगितलं होतंस. समोरची एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "पितळेत नेलान? आवळं?" आणि ती मान हलवत राहिली, बी.एस्सी. झालेल्या माणसाची अशी कीव केलेली मी पहिल्यांदा पाहिली.

पत्र संपल्यावर नाखवा उठला. बरणीत अर्ध्याहून जास्त आवळे उरले होते. ती त्याने खाली काढली, उरलेला कान कसा विणायचा ते त्या म्हातारीला विचारलं, आणि तिथेच बसून विणायला लागला. वाईट विणला. पण धरतो.

बरणी त्याच्या गलबतावर आहे. मलबारला गेलं आहे.

डबा मी कल्हई करून आणला आहे, त्यात आता पोहे असतात.

आणि आत्ये, काल छापखान्यातून पहिला कागद आला. तक्त्यातली ओळ मी बोट ठेवून वाचली, दोनदा, मोठ्याने. रत्नागिरी. खारातला आवळा, मातीच्या भांड्यातून आणलेला. आहे.